फोटोखालच्या चार ओळी

सत्काराची शाल मी परत केली, तर आख्ख्या केंद्रानं मला उद्धट ठरवलं. ठरवू द्या. हसीनाला लई तोंड हाय, हे नांदेडात लोक माझ्या लग्नाआधीपासून म्हणत आलेत, त्यात नवीन काय? पण शाल का परत केली ते आधी नीट ऐका, मग खुशाल नावं ठेवा.

मी एका महिला सल्ला केंद्रात कॉम्प्युटरचं काम बघते. नवऱ्याच्या मारातून सुटून आलेल्या बाया आमच्याकडं येतात. त्यांची नावं, तक्रारी, सध्या राहतात तिथले पत्ते, सगळं माझ्या मशीनवर. दर महिन्याला लातूरच्या मुख्य कार्यालयाला अहवाल पाठवायचा असतो आणि तो करता करता माझ्या नाकी नऊ येतात. म्हणून संस्थेनं एआय एजंट घ्यायचं ठरवलं. एजंट म्हणजे एक प्रोग्राम. एकदा काम सांगितलं की आपणच अर्ज वाचतो, मोजतो, अहवाल लिहून देतो. मला आनंदच झाला, खोटं कशाला बोलू. फक्त मी एक अट घातली की बायांचे पत्ते त्याला वाचू द्यायचे नाहीत. ही अट मी सुकन्यासाठी घातली होती.

सुकन्या भोकरकडची. दारात ट्रॅक्टर, बारा एकर बागायत, आणि नवरा हाताला येईल त्यानं मारायचा. चार वर्षांच्या सृष्टीला कडेवर घेऊन ती आमच्या पायऱ्या चढली तेव्हा तिचा उजवा हात गळ्यात बांधलेला होता. आमचे सचिव विरूपाक्ष सर मूळचे उदगीरचे. त्यांनीच तिथं आपल्या मावशीच्या, साखराबाईंच्या घरात तिला खोली बघून दिली. हे त्यांचं पुण्य मी नाकारत नाही. हात बरा झाल्यावर सुकन्या तिथं बायांना शिवण शिकवायला लागली. पोरगी बालवाडीत जायला लागली. नवरा मात्र गावोगाव तिला हुडकत फिरत होता. अर्ज भरताना तिनं मला एवढंच विचारलं होतं, "ताई, माझा पत्ता कुणाकुणाला दिसंल?" मी सांगितलं, मशीनलासुद्धा दिसणार नाही. शब्द दिला होता मी तिला.

त्यासाठीच एन्क्रिप्शनची सेवा घेतली. तिच्यात पत्ता टाकला की त्याची निव्वळ अगम्य अक्षरं होतात, आणि चावी असल्याशिवाय ती कुणाच्या बापाला वाचता येत नाहीत. ही सेवा एजंटला जोडायची ती कमांड लाईनवरून. काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं, माऊसचं काही काम नाही. एकेक कमांड हातानं टाइप करायची आणि एक अक्षर चुकलं की पहिल्यापासून सुरू. दोन दिवस मी तेच करून राहिले होते. विरूपाक्ष सर मागं खुर्ची टाकून बसले होते. एजंटला कोणकोणत्या परवानग्या द्यायच्या, असा प्रश्न पडद्यावर आला. कुलूप लावायची? हो. अर्ज मोजायची? हो. कुलूप उघडायची? मी नाही म्हटलं. सरांच्या कपाळाला आठ्या. सगळ्याला हो म्हणून टाक की, उगं कटकट कशाला, आपलाच तर एजंट हाय, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, सर, उघडायची परवानगी माणसांकडंच राहील. तुम्ही आणि मी, दोघांनी हो म्हटलं तरच पत्ता दिसेल. हे ऐकून ते खूश झाले. चावीवर आपलं नाव लागलं म्हणून खूश झाले, हे मला त्या वेळी कळलं नाही.

जोडणी झाल्यावर मी एजंटला मुद्दाम विचारलं, सुकन्या कुठं राहते? त्यानं लिहिलं, "हा पत्ता मला उघडता येत नाही. ठरलेल्या दोन व्यक्तींची संमती लागेल." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हसा खुशाल, पण यंत्रानं माझा शब्द राखला होता.

आता सत्काराचं ऐका. आमच्याकडं बोअरला पाणी लागलं की सत्कार, बदली झाली की सत्कार, बदली रद्द झाली की पुन्हा त्याच माणसाचा सत्कार. सरांनी त्याच दुपारी शाल, श्रीफळ आणि एक पाहुणा हजर केला. मी पडद्यावर दिसणारं टोकन उतरवून घेत होते. टोकन म्हणजे एजंटनं या सेवेच्या दारात दाखवायचा परवाना. ते एकदाच दिसतं, नंतर नाही. मी म्हटलं, दोन मिनिटं थांबा. पाहुण्यांना परभणी गाठायची होती. मी पडदा बंद करायला गेले तर सर म्हणाले, राहू दे, काळा पडदा फोटोत बरा दिसतो. शाल खांद्यावर, नारळ हातात, मागं उघडा पडदा, अशी मी उभी राहिले. पाचव्या मिनिटाला फोटो संस्थेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. या ग्रुपात तीनशे बारा माणसं. गावोगावचे कार्यकर्ते, देणगीदार, पत्रकार, कुणाकुणाचे पाहुणे. मला कुणी विचारलं असतं तर त्यातली निम्मी मी कधीच काढली असती.

मी फोटो मोठा करून बघितला आणि तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या कानामागं आख्खं टोकन स्पष्ट वाचता येत होतं. तशीच खुर्चीवर बसले. जुनं टोकन रद्द करायची कमांड दिली, नवं बनवलं, एजंटला परत जोडलं, पुन्हा तपासलं. वीस मिनिटांत सगळं जागेवर. कुणी ते जुनं टोकन वापरायला गेलंच असतं तरी हाती धुपाटणं आलं असतं. मग मी चहा मागवला, ग्रुपवर अभिनंदनाचा पाऊस पडत होता त्यात दोन हात जोडलेलं चित्र टाकलं, आणि स्वतःची पाठ थोपटून घेतली. फोटोखाली सरांनी चार ओळी लिहिल्या होत्या. त्या मी वाचल्या नाहीत. तीनशे बारा जणांत कुणीच वाचल्या नसतील असं मला वाटलं.

संध्याकाळी पाचला सुकन्याचा फोन आला. आवाज इतका हळू की मी आधी ओळखलाच नाही. साखराबाई त्या ग्रुपात होत्या आणि त्यांनी कौतुकानं तिला फोन दाखवला होता, बघ गं, तुझं नाव आलं म्हणून. मी एका हातानं तिचा फोन धरला आणि दुसऱ्यानं कॉम्प्युटरवर ग्रुप उघडून त्या चार ओळी वाचल्या. 'आपल्या केंद्राची माहिती आता एआयच्या सुरक्षित कुलपात. याच केंद्राच्या मदतीने भोकर तालुक्यातील भगिनी सुकन्या आज उदगीर येथे शिवणवर्ग चालवून स्वाभिमानाने जगत आहे. हसीना मॅडम यांचे हार्दिक अभिनंदन.'

"ताई," ती म्हणाली, "खाली माज्या मामेसासऱ्यानं हात जोडल्यात."

मी बघितलं. माझ्याच चित्राच्या खाली, तसंच चित्र.

मी एवढंच म्हटलं, पोरीला घे आणि आत्ताच्या आत्ता निघ, बसस्थानकावर नको, तिथं आधी बघतील. लातूरच्या मुख्य कार्यालयातल्या आमच्या सुमय्याला फोन केला. तिनं गाडी काढली. सुकन्या शिवणयंत्र तिथंच टाकून, सृष्टीची वह्यांची पिशवी आणि दोन साड्या घेऊन निघाली. दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा साखराबाईंच्या दारात उभा. पत्ता त्याला कुणीच दिला नव्हता. भोकरकडून आलेली, बारकी पोरगी असलेली, शिवण शिकवणारी बाई म्हटल्यावर उदगीरात किती वेळ लागतो हुडकायला? खोली रिकामी बघून त्यानं शिवणयंत्र अंगणात आपटून फोडलं. साखराबाई त्या तुकड्यांजवळ बसून रडल्या म्हणे.

मी सरांच्या टेबलापुढं उभी राहिले. दोन दिवस डोळे फोडून मी यंत्राचं तोंड बांधलं आणि तुम्ही गावभर दवंडी पिटली, असं तोंडावर बोलले. ते म्हणाले, मी पत्ता कुठं लिहिला, नुसतं गावाचं नाव लिहिलं, संस्थेचं काम लोकांना कळायला नको का. वाईट मनानं लिहिलं नव्हतं हो त्यांनी. तेच तर जास्त झोंबतं. कुंपणानंच शेत खाल्लं, आणि वर कुंपण म्हणतं, मी तर राखण करून राहिलो होतो. मीही त्या चार ओळी न वाचताच हात जोडले होते, तो दोष माझा, आणि तो मी कुणावर ढकलत नाही.

कुलूप उघडायला संमती देणाऱ्यांतून सरांचं नाव काढायचं तर लातूरच्या अध्यक्षबाईंची सही लागते. मी तो फोटो खालच्या ओळींसकट छापून घेतला आणि लातूरला जाऊन त्यांच्यापुढं ठेवला. त्यांनी चष्मा लावला, दोनदा वाचलं आणि सही केली. सरांच्या जागी आता सुमय्याचं नाव आहे.

आठ दिवसांनी सर माझ्या खोलीत आले. मावशी विचारून राहिली, म्हणाले, सुकन्या हाय कुठं आता? मी खुर्ची मागं सारली आणि एजंटलाच विचारा म्हटलं. त्यांनी आपल्या नावानं आत जाऊन दोन बोटांनी प्रश्न टाइप केला. पडद्यावर ओळ आली, "हा पत्ता पाहण्याची परवानगी तुम्हाला नाही."

ओळ वाचून ते कानापर्यंत लाल झाले होते.

"मला न्हाई?" ते म्हणाले. "अगं, मीच खोली दिली होती तिला."

"हाव सर," मी म्हटलं. "आन् तुमीच घालवली."

मग कपाटातली शाल काढून त्यांच्या हातात दिली आणि महिन्याचा अहवाल करायला बसले.