टॉड नदी आली त्या दुपारी

ग्लेनिस आमच्या सात नंबर बसची ड्रायव्हर. ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातल्या ॲलिस स्प्रिंग्जमध्ये अकरा वर्षं राहूनही तिनं एरवी नुसती वाळू असलेल्या टॉड नदीला पाणी आलेलं पाहिलं नव्हतं. एकदा नदी आली तेव्हा ती बहिणीच्या लग्नाला ॲडलेडला गेलेली, एकदा गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात.

आम्ही म्हणायचो, "तू रजा काढ गं, म्हणजे नदी येईल!"

फेब्रुवारीतली दुपार होती. दीड महिना पारा चाळिशीखाली उतरला नव्हता. तापलेल्या स्टिअरिंगनं हात पोळू नयेत म्हणून ती त्यावर ओला टॉवेल टाकून बस हाकत होती. गावावर ढगाचा ठिपकाही नाही, पण उत्तरेच्या डोंगरांत दोन दिवस धो धो कोसळत होतं.

मागच्या सीटवरच्या फिलोमिना मावशींचा फोन वाजला. मावशी इथल्या मूळच्या अरेर्न्ते लोकांपैकी, सगळा जन्म याच नदीकाठी गेलेला. त्यांनी फोन ऐकला आणि काठीनं बसची फरशीच बडवली.

"थांबव बस, पोरी! नदी वरच्या वळणापर्यंत आलीय!"

"मावशी, इथं स्टॉप नाहीये."

"मग काय नदीनं स्टॉपवर येऊन उभं राहायचं?"

सगळी बस हसली आणि मग ओरडायलाच लागली. ग्लेनिसनं निलगिरीच्या सावलीत बस लावली. आम्ही कोरड्या पात्राकडे धावलो. सगळं गाव लोटलं होतं. एक बाप्या तर न्हाव्याकडून अर्धे केस कापून तसाच आलेला.

आणि ती आली! आधी तपकिरी फेस, मग काटक्या, पाचोळा ढकलत, माणसाच्या चालीनं. तापलेली वाळू फुसफुसत पाणी पीत होती. कुत्री भुंकत मागं मागं सरत होती. ग्लेनिस बूट भिरकावून थेट आत घुसली.

तिच्या कमरेचा वॉकीटॉकी खरखरला. डेपोतला डेस्मंड. "सात नंबर, कुठं आहेस?"

"नदीत!"

"बस नदीत?"

"बस रस्त्यावर, मी नदीत!"

मावशींनी ओंजळभर पाणी तिच्या डोक्यावर ओतलं. "आता नदी तुला ओळखेल," त्या म्हणाल्या. ग्लेनिस रडत होती की हसत होती, कळेना.

बस चाळीस मिनिटं उशिरा निघाली. ग्लेनिस अनवाणीच चालवत होती. पुढच्या स्टॉपवर तिघं घाम पुसत, चिडून उभे होते. त्यांनी तोंड उघडायच्या आत तिनं दार उघडलं आणि ओरडली, "नदी आलीय!"

तिघंही बसमध्ये चढलेच नाहीत. उलट्या दिशेनं पळत सुटले.