तिसरा, सहावा, नववा, बारावा

दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी वनजाच्या वहीत, हात किती अंश वर जातो याच्या, बारा नोंदी झाल्या होत्या. रविवारची सुट्टी सोडून रोज एक. त्यातल्या आठ ब्याण्णव ते सत्त्याण्णव अंशांमधल्या. उरलेल्या चार मात्र एकशे अठरा ते एकशे चोवीस. त्या चारींना तिने लाल पेनने गोल केले, तेव्हा ते पडले तिसऱ्या, सहाव्या, नवव्या आणि बाराव्या दिवशी.

वही तिच्या मसाज थेरपीच्या डिप्लोमाची होती आणि खांदा संताजीराव काकांचा, उजवा. डॉक्टरांनी कागदावर ‘फ्रोझन शोल्डर’ लिहून दिलं होतं. सांध्याभोवतीचं आवरण आखडतं आणि हात कानापर्यंत जाईनासा होतो. प्राणिशास्त्रात बी. एस्सी. झालेल्या वनजाला खांद्याच्या पात्याला चिकटलेले सतरा स्नायू तोंडपाठ होते. दर तिसऱ्याच दिवशी हात का उचलला जातो, हे सतरापैकी एकाकडूनही कळत नव्हतं. तिसऱ्या दिवशी तिने पात्याच्या वरचा स्नायू चोळला होता, सहाव्या दिवशी छातीचा, नवव्या दिवशी काखेतला. एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही.

“स्नायूंना सैल व्हायला दोन दिवस लागत असतील, मॅडम,” ती म्हणाली.

“असतील म्हणजे?” डिप्लोमा शिकवणाऱ्या कृष्णवेणी मॅडमनी वही तिच्याकडे परत सरकवली. “कारण आण, मग रिपोर्ट दे.”

रिपोर्टला वेळ होता. खंडेनवमीला नव्हता. काकांचे पूर्वज जुन्या म्हैसूर संस्थानच्या फौजेत होते आणि म्हैसुरातल्या नजरबादच्या या घरात त्यांची एक तलवार होती. नवमीला ती खाली उतरवून पुजायची आणि घरातल्या थोरल्याने दोन्ही हातांनी, टाचा न उचलता, भिंतीवरच्या दोन खुंट्यांवर परत ठेवायची. ज्याला जमलं नाही त्याच्याकडून ती धाकट्याकडे जायची. काकांचे वडील हयात असतानाच ती अशी काकांकडे आली होती. आता काकांचे धाकटे भाऊ अंबाजीराव चामराजनगरहून यायचे होते.

वनजाने टेपने मोजलं. खुंट्या जमिनीपासून एकशे बहात्तर सेंटिमीटर, काकांचा खांदा एकशे अडतीस, खांद्यापासून मूठ साठ. हिशोब केला तर हात एकशे पंचवीस अंश वर जायला हवा होता.

“बिडु,” काका म्हणाले, म्हणजे सोड. “अंबाजी ठेवील. नाहीतरी त्याचा डोळा आहेच.”

ते हसले, पण खुंट्यांकडे बघायचं त्यांनी टाळलं.

नवमी सोमवारी होती. वनजाच्या मोजणीने तो एकोणिसावा दिवस येत होता, आणि एकोणीसला तीनने भाग जात नाही. म्हणून तिसऱ्या आठवड्यात बुधवारी पंधराव्या दिवशी एकशे तेवीस भरल्यावर तिने गुरुवार मुद्दाम चुकवला. आता शनिवार सतरावा आणि सोमवार बरोबर अठरावा.

सतराव्या दिवशी हात खाली राहायला हवा होता. कोनमापकाने एकशे चोवीस दाखवले.

तिने पुन्हा लावला. मग तिसऱ्यांदा. एकशे चोवीस.

“मीटर बिघडला का?” काकांनी विचारलं.

“नाही काका, तुम्ही बिघडलात.”

“शनिवारी असंच असतं गं यांचं,” काकू, शकुंतलाबाई, दारातून म्हणाल्या. “बुधवारी पण.”

“बुधवारी?”

“अभ्यंगाचे वार नव्हेत का? बायकांचे मंगळवार-शुक्रवार, गड्यांचे बुधवार-शनिवार. तुझ्या घरी काय वेगळं आहे?”

काहीच वेगळं नव्हतं. वनजा वहीकडे बघत बसली. तिने वार लिहिलेच नव्हते, फक्त दिवस एक, दिवस दोन. रविवार गाळल्यावर बुधवार आणि शनिवार नेमके तीन-तीनच्या अंतरावर येतात. ती यायची संध्याकाळी सहाला, आणि न्हाणं सकाळीच उरकलेलं असायचं.

“मग सोमवारी सकाळी तेल लावून न्हाऊ घाला ना, काकू.”

“सोमवारी तेल? नवमीला? या घरात कोणी लावलं नाही.” काकू आत गेल्या, म्हणजे विषय संपला.

उरला रविवार. तेल नाही तर गरम पाणी तरी, म्हणून वनजाने सकाळी काकांच्या खांद्यावर वीस मिनिटं गरम पाण्याचे टॉवेल ठेवले. अठ्ठ्याण्णव. मग तेलच असेल? पण तेल तर बंद. तिला रडू यायचं तेवढं बाकी होतं.

“काका, शनिवारी न्हाणीघरात नेमकं काय काय करता? एकूण एक सांगा.”

“काय करणार? सुम्ने, नुसता बसतो. काकू पाणी ओतते. शिकेकाई मी चोळतो.”

“या हाताने? डोक्यापर्यंत जातो?”

“जात नाही ना. म्हणून डोकं खाली आणतो.”

त्यांनी करून दाखवलं. पाटावर बसले, कंबरेतून वाकले, डोकं गुडघ्यांमध्ये घातलं आणि दोन्ही हातांनी केस चोळू लागले. वनजाने कोनमापक त्यांच्या बरगड्यांवर धरला. हात आपल्याच वजनाने पुढे लोंबत होता आणि धडापासून एकशे सोळा अंश दूर गेला होता. काकांना दुखतही नव्हतं.

“किती वेळ चोळता असं?”

“डोक्यातलं तेल निघेपर्यंत. पंधरा मिनिटं तरी जातातच. इतर वारी दोन तांबे डाव्या हाताने, झालं.”

म्हणजे गुण तेलाचा नव्हता, या वाकून चोळण्याचा होता. वनजा स्वयंपाकघरात गेली. “काकू, सोमवारी शिकेकाई चालते?”

काकूंनी बराच विचार केला. “शिकेकाई म्हणजे काही तेल नव्हे,” त्या म्हणाल्या. “पण तेलाशिवाय शिकेकाई कोण चोळतं? केसांचा झाडू होईल.”

“होऊ दे,” काका बाहेरून म्हणाले.

सोमवारी सकाळी काका पंचवीस मिनिटं शिकेकाई चोळत होते. शेवटची दहा मिनिटं काकूंनी पाणी ओतायचं थांबवून नुसतं बघितलं. पूजा झाली. झेंडूच्या माळेतून काकांनी तलवार उचलली. केस चारी दिशांना उभे होते, आणि अंबाजीराव हसू दाबत शेजारी हात पुढे करून तयार उभे होते. वनजा कोनमापक घेऊन काकांच्या उजव्या बाजूला गेली.

डावी खुंटी आधी, मग उजवी. दोन्ही टाचा जमिनीवर. एकशे सव्वीस अंश.