खंडेनवमीचा ठोका

तुटलेला शाफ्ट बोरिवलीहून गोणपाटात गुंडाळून टेम्पोतून आला, आणि तो खाली उतरायच्या आतच त्याच्या तुटण्याचं कारण ठरून गेलं होतं. कारखान्याचा मालक निहार केबिनच्या दारात उभा राहून फोनवर सांगत होता, की ओव्हरलोड झाला, दुसरं काय असणार. जयंती देवस्थळीने ते ऐकलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गोणपाट सोडायचं होतं अजून. तुकड्यांची तोंडं कुणी पाहिलीसुद्धा नव्हती.

सोळा वर्षं ती मुलुंडच्या या कारखान्यात शाफ्टांची डिझाइनं करत होती. मोटारीचा जोर चाकापर्यंत किंवा ड्रमपर्यंत नेऊन पोचवायचा, एवढंच या गोल दांड्याचं काम. बघणाऱ्याला वाटतं, त्यात डिझाइन ते काय करायचं, बाजारातून दांडा आणावा नि कापावा. हा दांडा फिरतो आणि फिरता फिरता वाकतोही, प्रत्येक फेऱ्यात एकदा इकडून आणि एकदा तिकडून ताणला जातो, हे त्या बघणाऱ्याला सांगत बसण्याचा तिला कंटाळा आला होता. तिने सांगायचं, ड्रॉइंगवर लिहायचं, आणि खाली शॉपमध्ये लोकांनी त्या ड्रॉइंगवर वडापाव ठेवून खायचा. सोळा वर्षं हे असंच चाललं होतं.

हा शाफ्ट एका इमारतीच्या कामावर माल चढवायच्या लिफ्टचा होता. दोरी गुंडाळणारा ड्रम याच्यावर बसवलेला. पंधरा दिवसांपूर्वी ट्रॉली चौथ्या मजल्यावर असताना शाफ्ट मधोमध तुटला, ट्रॉली लाद्यांसकट खाली आली आणि लिफ्ट चालवणाऱ्या बाळ तावडेचा डावा पाय घोट्यापासून गेला. कंत्राटदार म्हणाला, बाळने लाद्या जास्त भरल्या. निहार म्हणाला, अगदी बरोबर. दोन मालकांचं इतक्या झटपट एकमत होतं तेव्हा तिसऱ्याच कुणाची तरी वाट लागलेली असते. उद्या अकरा वाजता साइटवर मीटिंग होती आणि त्या मीटिंगला जयंतीच्या सहीचा अहवाल हवा होता.

तिने ब्रश आणि घासलेट घेऊन दोन्ही तुकड्यांची तोंडं स्वतः धुतली. धुता धुता तिचा संताप वाढतच गेला, कारण पोलाद स्वच्छ बोलत होतं. तोंडाचा जवळजवळ सगळा भाग गुळगुळीत होता आणि त्यावर शिंपल्याच्या पाठीवर असतात तशा रेषा होत्या. एकेक रेषा म्हणजे चीर थोडी पुढे सरकली, थांबली, पुन्हा सरकली. शेवटी फटकन तुटलेला खरबरीत भाग उरला होता तो जेमतेम दहाच्या नाण्याएवढा. एवढ्याशा पोलादावर ट्रॉली शेवटपर्यंत तोलली गेली, म्हणजे तिच्यात ओझं बेताचंच होतं. जास्त भरली असती तर शाफ्ट कितीतरी आधी, मोठा खरबरीत भाग ठेवून तुटला असता. गाढव मेलं ओझ्यानं आणि शिंगरू मेलं हेलपाट्यानं म्हणतात ना, तसा हा शाफ्ट हेलपाट्यानं मेला होता. पाच महिने फिरून फिरून.

सगळ्या रेषा मागे मागे नेल्या की एका ठिकाणी येऊन मिळत होत्या. शाफ्टच्या अगदी मधल्या भागात, लाल रंगाखालच्या कातडीवर. तिथे ना खाच होती ना पायरी. तिथून चीर निघायचं काहीच कारण नव्हतं, म्हणजे नक्कीच लेथवर टूलची खोल रेघ राहिली असणार आणि पॉलिश मारायचा कंटाळा केला असणार. तिने शाफ्टच्या टोकावरचा नंबर पाहिला. अनंतमामांच्या लेथवरचा.

अनंत कदम कारखान्यातले सगळ्यात जुने टर्नर. वडील गिरणीत होते, गिरण्या बंद पडल्या तेव्हा पोरगा इकडे लेथवर लागला, तो पस्तीस वर्षं इथेच. जयंती तडक त्यांच्या मशीनपाशी गेली आणि सगळ्या शॉपदेखत बोलली. शेजारच्या दोघांनी मशीनं बंद केली, म्हणजे ऐकायला सोपं जावं. मी घसा कोरडा करून सांगते, कडक पोलादाला ओरखडा चालत नाही, तुम्हाला ते बायकी वेड वाटतं. आता एका माणसाचा पाय गेला. तुमच्यासारख्या जुन्या माणसाने तरी हाताला लाज ठेवायची होती. असं बरंच काही ती बोलली, आणि बोलताना तिला बरं वाटत होतं हेही खरं.

अनंतमामांनी मान वर केली नाही. हात पुसले, फडकं खुंटीला अडकवलं. "मॅडम," ते म्हणाले, "त्या जागेवरचा रंग खरवडून बघा."

रंग कसला खरवडायचा, चोराच्या उलट्या बोंबा, असं मनात म्हणत ती वळली आणि तिथूनच रिक्षा करून घाटकोपरला गेली. ज्याच्यावर आळ घालायचा त्या माणसाला निदान विचारावं तरी, एवढी साधी रीत पंधरा दिवसांत दोन्हीकडच्या कुणी पाळली नव्हती.

बाळ तावडे असल्फाच्या टेकडीवर राहायचा. नव्वद पायऱ्या चढून ती वर पोचली तेव्हा दम लागला होता, आणि या पायऱ्या आता हा माणूस कशा चढणार-उतरणार, या विचाराने पुन्हा डोकं भडकलं. बाळ खाटेवर उशीला टेकून बसला होता. पन्नाशीचा, किडकिडीत, आई-बापाने ठेवलेलं लाडाचं नाव या वयापर्यंत वागवणारा. वजनाचं विचारल्यावर तो चिडला नाही, नुसता हसला.

"गाडी जड झाली की मोटार कण्हता," तो म्हणाला. "माका कळता तां. बावीस वर्षं लिफ्ट चालवतोय, मॅडम. त्या दिवशी नेहमीपेक्षा तीस लाद्या कमीच होत्या."

शिवाय चार दिवस आधीपासून ड्रममधून टक टक आवाज येत होता आणि तो त्याने साइटवरच्या सुपरवायझरला दोनदा सांगितलाही होता. सुपरवायझरने त्याला कान साफ करून ये म्हणून सांगितलं. हे ऐकताना जयंतीने हातातलं पेन इतकं आवळलं की टोपण चिरलं. बाळची बायको शकु हिने चहा आणला. घरात एकच बशीवाला कप होता, तो जयंतीला दिला, आणि नको नको म्हणताना दुसऱ्यांदाही भरला. पंधरा दिवसांत एक माणूस विचारायला आलं नाही, तुम्हीच पहिल्या, असं ती परत परत म्हणत होती. दारापर्यंत पोचवायला आली तेव्हा तिने जयंतीचा हात धरला. यांच्यावर आळ येऊ देऊ नका, एवढंच तिचं मागणं होतं. जयंतीने शब्द दिला.

संध्याकाळी ती केबिनमध्ये शिरली ती दार न वाजवता. निहारला तिने शाळेच्या गणवेशात पाहिलं होतं. त्याचे वडील, अण्णा, दोन वर्षांपूर्वी गेले आणि हा खुर्चीवर बसला. तिने त्याला शिंपल्याच्या रेषांपासून सगळं समजावलं. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, मग काय लिहायचं, आमचं डिझाइन कमी पडलं म्हणून?

"डिझाइनला हात लावायचा नाही," ती म्हणाली. "दुप्पट ओझं सोसेल एवढी मोकळीक ठेवली आहे मी. तीनदा तपासलंय."

"मग ओव्हरलोड लिहा ना, ताई. त्या माणसाला कंत्राटदार बघून घेईल. आपण कशाला मधे पडायचं?"

"त्याचा पाय गेलाय, निहार. आणि तू त्याची अब्रूही घ्यायला निघालास. अण्णा असते तर तुझ्या कानाखाली वाजवली असती त्यांनी. ज्याच्या हलगर्जीपणाने हे झालं त्याचं नाव मी अहवालात लिहिणार. कुणीही असो."

"कुणीही?"

"कुणीही."

निहार खांदे उडवून गाडीची किल्ली घेऊन निघाला. जयंती शॉपमध्ये आली. शिफ्ट सुटत होती. कुणाचं नाव लिहायचं ते तिच्या मनात ठरलेलंच होतं; फक्त टूलची रेघ फोटोत नीट यावी म्हणून तिने पॉलिश पेपर घेतला, तुकडा बाकावर ठेवला आणि लाल रंग घासायला सुरुवात केली.

रंग जाड होता. तो गेल्यावर खाली पोलाद आरशासारखं निघालं. टूलची एकसुद्धा रेघ नव्हती. मामांनी पॉलिश इतकं सुरेख मारलं होतं की तिला स्वतःचं बोट त्यात दिसलं. आणि तुटलेल्या कडेला लागून एक खोल ठसा होता, अर्धा. तिने दुसरा तुकडा घासला. उरलेला अर्धा तिथे होता. दोन्ही तुकडे तिने एकाला एक लावले आणि ठसा पुरा झाला. श्री.

ती तिथेच स्टुलावर बसली.

खंडेनवमीला कारखान्यात मशीनं पुसून हार घालत आणि एका नव्या शाफ्टची पाटावर ठेवून पूजा करत. अण्णांनी त्यासाठी श्रीचा एक पोलादी पंच बनवून घेतला होता. वर्षातून एकदा, एकाच शाफ्टवर, अण्णा स्वतः हातोडीने त्याचा ठसा उमटवायचे. नेहमी टोकावर, जिथे काही ताण येत नाही तिथे. ते इंजिनियर नव्हते, पण त्यांना ठाऊक होतं. अण्णा गेल्यावर पहिल्या वर्षी दुखवट्यामुळे पूजा झाली नाही. मागच्या ऑक्टोबरात निहारने हातोडी जयंतीच्या हातात दिली. म्हणाला, आता हा मान तुमचा. शॉपमध्ये टाळ्या पडल्या. सोळा वर्षांत तिच्यासाठी तिथे कुणी टाळी वाजवली नव्हती. तिचे डोळे भरून आले होते, हेही तिला आठवलं.

शाफ्टच्या टोकाला हार होता आणि नारळ टेकवला होता. निहारची बायको निधी फोन धरून उभी होती, कंपनीच्या पानावर फोटो टाकायचा होता. टोकावर मारलं तर दिसत नाही, मधे मारा ना ताई, ती म्हणाली. जयंतीने पंच मधोमध टेकवला. आणि थांबली. तिला माहीत होतं. त्या अख्ख्या शॉपमध्ये तिच्याइतकं पक्कं कुणालाच माहीत नव्हतं, की या कडक पोलादाला नेमकं इथे जखम करायची नसते. शाफ्टच्या अंगावर कुठलीही खूण करू नये, हे वाक्य तिनेच भांडून भांडून प्रत्येक ड्रॉइंगवर छापायला लावलं होतं. पण सगळे बघत होते, आणि आता पूजा थांबवून हार काढा, नारळ उचला, टोकाला मारू म्हणणं तिला कसंसंच वाटलं. एका ठोक्याने काय होतंय, दुपटीची मोकळीक आहे, असं म्हणून तिने हातोडी मारली. ठसा नीट उठला नाही म्हणून आणखी दोनदा मारली. पूजेनंतर त्या शाफ्टला रंग लागला आणि तो बाकीच्यांबरोबर गिऱ्हाइकाकडे गेला.

तो फोटो निहारच्या केबिनमध्ये चौकटीत लावलेला होता. गेले सहा महिने ती रोज त्याच्यासमोर उभी राहत होती.

अनंतमामा डबा घेऊन निघाले होते. तिने त्यांना थांबवलं. तुम्हाला माहीत होतं, एवढंच तिला विचारता आलं.

"ठोका मधे पडला तेव्हाच कळलं होतं," ते म्हणाले. "पण म्हटलं, ड्रॉइंग मॅडमचं, हिशेब मॅडमचा. त्यांनी बघूनच मारलं असेल."

"आणि सकाळी? सगळ्यांसमोर मी एवढं बोलले. तेव्हा का नाही बोललात?"

मामांनी डब्याची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "तुम्ही ऐकलं असतं?"

दुसऱ्या दिवशी साडेआठला, मशीनं सुरू व्हायच्या आधी, तिने शॉपच्या मधोमध उभं राहून अनंतमामांची माफी मागितली आणि कारण सांगितलं. मग अहवाल लिहिला. ओझं जास्त नव्हतं. डिझाइन पुरेसं होतं. लेथचं काम उत्तम होतं. चीर शाफ्टवर मारलेल्या ठशातून निघाली. ठसा मारणारीचं नाव, जयंती देवस्थळी, डिझाइन प्रमुख. ड्रॉइंगवरची मनाई तिला माहीत होती. चौकटीतला फोटो काढून जोडला आणि निहारला, कंत्राटदाराला एकाच वेळी मेल केला, म्हणजे कुणाला मधे पडायला जागा राहू नये. बोरिवलीची मीटिंग दहा मिनिटांत आटोपली. बाहेर येऊन निहार गाडीपाशी तिच्यावर ओरडला, की घरचं घरात ठेवता आलं नाही का, त्या माणसाचा एवढा पुळका होता तर लिहायच्या आधी मला विचारायचं. ती त्याच्यावर ओरडली नाही. ओरडायचा हक्क तिने आदल्या दिवशीच वापरून संपवला होता. उद्यापासून येऊ नका म्हणाला, त्यालाही ती बरं म्हणाली.

तिथून ती घाटकोपरला गेली, नव्वद पायऱ्या चढली. शकुने तिला बघताच आधण ठेवलं. जयंतीने अहवालाची प्रत बाळच्या हातात दिली आणि तोंडीही सांगितलं, की ओझं जास्त नव्हतं, हे आता लेखी आलंय, कंत्राटदाराला तुमच्यावर आळ घालता येणार नाही. बाळने कागद उशीखाली सारला आणि डोळे मिटून घेतले. शकुने बशीवाला कप तिच्या हातात दिला. शकुच्या डोळ्यांना पाणी आलं होतं.

"मग चूक कोणाची होती, मॅडम?" बाळने विचारलं.

"माझी," जयंती म्हणाली. आणि खंडेनवमीचं सगळं सांगितलं. फोटोचं सांगितलं, टाळ्यांचंही. ठाऊक असून मारलं, हे दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा ते त्या दोघांना कळलंच नव्हतं.

बाळने चादर पायावरून ओढून घेतली. शकु उठली. तिने जयंतीच्या हातातून कप काढून घेतला, भरलेला, आणि मोरीत ओतला. मग दार उघडून ती दाराशी उभी राहिली.