दुमडलेले बोट

सकाळ निळी होती. पाणी निळे, पाण्यावर रेलून बसलेले धुके निळे, धुक्यापलीकडचे देवदारांचे डोंगर निळे. आणि त्या साऱ्या निळाईच्या ओंजळीत, कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यापासून दूर, एक पांढरी लाँच तांदळाच्या दाण्याएवढी होऊन डोलत होती.

लाँचच्या कठड्याशी गुहागरच्या शरयूताई उभ्या होत्या. सुती साडीवर मुलाचा जाड कोट, कानांवर मफलर, आणि डोळ्यांत सत्तर पावसाळ्यांनीही न विझलेले कुतूहल. सारा जन्म समुद्राकाठी गेला, पण देवमासा कधी दिसला नव्हता. लहानपणी खलाशी सांगत, तो वर येतो तेव्हा समुद्रच श्वास घेतो. तो श्वास ऐकायला त्या आल्या होत्या.

शेजारी त्यांची सून ऋजुता. एक हात कठड्यावर, एक हात कोटाच्या आत, पोटाशी.

त्या आतल्या हाताकडे शरयूताई आठवडाभर पाहत होत्या. कॉफीचा वास येताच उठून जाणारी ऋजुता. आल्याचा तुकडा चघळणारी ऋजुता. भर दुपारी, इथल्या मवाळ उन्हातही, फुलासारखी मिटणारी ऋजुता.

याआधी दोनदा निनादने हर्षभराने आईला फोन केला होता. दोनदा गुहागरात पेढे वाटले गेले होते. आणि दोनदा, पेढ्यांची चव जिभेवर असतानाच, घर मुके झाले होते. या खेपेला कुणी काही बोलत नव्हते. विचारावे, की विचारू नये? प्रश्न ओठांवर येई आणि ओठांवरच विरघळून जाई.

निनाद आतल्या बाकावर डोळे मिटून पडला होता. शरयूताई दारातून डोकावल्या.

"समुद्रकाठचा मुलगा, आणि दोन लाटांनी पोटात ढवळतं? गावात सांगू नकोस हो कुणाला!"

"आई, प्लीज," तो कण्हला.

तोच इंजिन थांबले. वारा थांबला. जलचरांच्या त्या विराट देवघरात जणू कुणी घंटेवरचा हात काढून घेतला.

फूऽऽस्.

निळ्या पाण्यातून काळ्या शिडासारखा एक पर उगवला. काजळकाळी पाठ, शंखशुभ्र पोट, डोळ्यामागे चांदण्याचा ठिपका. ऑर्का, इथला काळापांढरा देवमासा! एक, मग दुसरा, मग पाणी उसवत आणि पाणी शिवत जाणारी सारी काळीशुभ्र वरात.

आणि एका विशाल मातेच्या कुशीला चिकटून, इवलासा एक पर. आई जिथे शुभ्र, तिथे त्या पिल्लावर हळदीची झाक. जणू आत्ताच कुणी तेल-हळद लावून त्याला न्हाऊ घातले होते.

साऱ्या लाँचभर हात उठले, साऱ्या हातांची बोटे त्या पिल्लावर रोखली गेली. शरयूताईंचाही हात उठला. आणि अर्ध्या वाटेतच तर्जनी आपसूक दुमडली.

सुकाणूवरची बाई काहीतरी सांगत होती. ऋजुताने ते मराठीत सांगितले. "आई, पिल्लू अगदी नवं आहे. अजून नावसुद्धा नाही. पहिल्या हिवाळ्यात तरलं, की मग ठेवणार म्हणे."

"शहाणी माणसं आहेत."

"आणि तुमच्या बोटाला काय झालं? थंडीनं आखडलं का?"

शरयूताई हसल्या. "आखडलं नाही गं. आमच्या गोठ्याच्या छपरावर भोपळ्याचा वेल होता. मुठीएवढं फळ धरलं, की मी नाचत बोट दाखवायची. आत्या ओरडायची, 'बोट मोड आधी, मेल्ये! कुजेल ते!' कोवळ्याकडे बोट रोखायचं नाही. बघायचं मात्र डोळे भरून."

"मग? वाढायचा भोपळा?" ऋजुताचा आवाज धुक्याइतका हलका होता.

"कधी वाढायचा, कधी नाही. वेल काय माझ्या बोटाला विचारून फळायचा? पण बोट दुमडलं की माणूस जरा गप्प राहतं. तेवढंच आपल्या हातात."

ऋजुता पाण्याकडे पाहत राहिली. माता वर आली, पिल्लू वर आले. माता बुडाली, पिल्लू बुडाले. पाण्यावर वर्तुळे उरली, वर्तुळांत उजेड उरला.

मग तिने सासूचा तो थंड हात धरला, दुमडलेल्या बोटासकट, आणि हळूच आपल्या कोटाच्या आत नेला. तिथे लोकर होती. लोकरीखाली ऊब होती. उबेखाली किंचित, कोवळी गोलाई होती.

शरयूताईंनी मान वर केली नाही. विचारले काहीच नाही.

दार ढकलून निनाद बाहेर आला, फिकट, डोळे चोळत. "दिसलं का पिल्लू? कुठंय?"

ना सासूचे बोट हलले, ना सुनेचे.

"आहे रे," शरयूताई म्हणाल्या. "आरडाओरडा करू नकोस."

दूर, निळ्यातून निळ्यात, समुद्राचा एक मोठा श्वास उमलला. आणि त्याच्या मागोमाग, एक लहान.