साहेबांचा हात

फोन आला तेव्हा तो एका दुकानात शिडीवर उभा राहून छतातून वायर ओढत होता. बायकोच्या ऑफिसातून साहेब बोलत होते. शॉक बसलाय, दवाखान्यात नेलंय, लगेच या, एवढंच म्हणाले. तो पोचला तेव्हा तिथली धावपळ थांबलेली होती; ती गेली होती. साहेब बाकावर सासूबाईंच्या शेजारी बसले होते आणि हलक्या आवाजात सांगत होते, "हात ओले होते हो त्यांचे. आम्ही नेहमी बजावायचो."

सासूबाईंनी ते खरं धरलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या तेच सांगत. "दुसऱ्याला कशाला बोल लावू? माझीच पोर वेंधळी." हे ऐकलं की तो ताटावरून उठे. वायरमनची बायको होती ती. ओल्या हाताने तिने कधी दिव्याचं बटणही दाबलं नव्हतं. पण सासूबाईंना ते त्याच्या तोंडून पटत नव्हतं. साहेब शिकलेला माणूस, तो कशाला खोटं बोलेल, असं त्या म्हणत.

काही महिन्यांनी त्याच ऑफिसात फायरवॉल बसवायचं काम त्याच्या कंपनीकडे आलं. बाहेरून कोणी ऑफिसच्या संगणकांत घुसू नये म्हणून लावतात ते यंत्र. कंपनीचा मालक म्हणाला, "तू राहू दे. दुसऱ्याला पाठवतो."

"मीच जातो," तो म्हणाला.

ऑफिसच्या टोकाच्या खोलीत, जिथे बायकोला शॉक बसला ते लोखंडी कपाट तसंच उभं होतं. रोज सकाळी त्यात हात घालून इंटरनेटचा डबा बंद करून पुन्हा चालू करायचा, हे तिचं काम. तिच्या जागी आलेल्या बाई त्याला खोली दाखवायला आल्या. कपाटाचं दार त्यांनी हाताने उघडलं नाही. खिडकीतली प्लॅस्टिकची फूटपट्टी घेतली, त्या पट्टीने दार ओढलं आणि पट्टीच्याच टोकाने डब्याचं बटण दाबलं.

"हे असं का, ताई?"

"साहेबांनीच सांगितलंय. पहिल्याच दिवशी." मग तो कोण हे आठवून त्या दाराकडे सरकल्या.

त्याने मीटर काढला. कपाटाच्या पत्र्यात करंट होता. मग त्याने सगळ्या ऑफिसचा मेन स्विच पाडला, त्याला आपलं कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. काम चालू असताना कोणी चुकून स्विच चढवू नये म्हणून हे कुलूप असतं. ज्याने लावलं त्यानेच ते काढायचं, दुसऱ्या कोणी नाही.

कपाट पुढे ओढून तो मागे बसला. एक वायर पत्र्याच्या धारेवर घासून सोललेली होती. पत्र्यात उतरलेला करंट जमिनीत नेणारी अर्थिंगची हिरवी तार कपाटापर्यंत आली होती खरी, पण तिचं टोक टेप गुंडाळून मागे खोचून ठेवलं होतं. नुसती दाखवायला. तो बराच वेळ ते टोक हातात धरून बसला.

सोललेली वायर त्याने बदलली आणि भोकाला रबर बसवलं. कपाटाचा रंग खरवडून चकचकीत पत्रा उघडा केला, त्यावर हिरवी तार ठेवली आणि नट फिरवायला घेतला. अर्ध्यावर त्याचा पाना थांबला. तेवढ्यावरच ठेवला असता तर कोणाला कळलंही नसतं. आज ना उद्या आणखी एखादी वायर घासली असती आणि पत्र्यात पुन्हा करंट उतरला असता. पण हे कपाट साहेब कधी उघडणारच नव्हते. दाराशी त्या बाई फूटपट्टी हातात घेऊन उभ्या होत्या. त्याने नट शेवटपर्यंत आवळला आणि वर आणखी एक पीळ दिला.

शिपायाने यंत्राला एका बाजूने हात दिला. दोघांनी ते उचलून कपाटात सरकवलं. हवा खेळायला वर-खाली जागा सोडून त्याने चारही स्क्रू कसले, आणि अर्थिंग पुन्हा मोजलं. ते चोख होतं.

"झालं का हो? चालू करा की," साहेब आत येत म्हणाले. "मुख्य ऑफिसचे फोनवर फोन येतायत."

"करतो. तुम्ही फक्त कपाटावर हात ठेवा. मग मी स्विच चढवतो."

"मी कशाला?"

"जागा तुमची आहे. सुरक्षित आहे ना, तेवढं बघून घ्या."

दारात आणखी दोघं-तिघं येऊन थांबले. साहेब हसले. "अहो, तुम्ही केलंय म्हणजे नीटच असणार." मग बाईंकडे वळून म्हणाले, "ठेवा हो तुम्ही हात. काही होत नाही."

बाईंनी दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"साहेब तर चहाच्या मशीनलाही हात लावत नाहीत," शिपाई कोणाकडेही न बघता म्हणाला. मागे कोणीतरी खाकरलं.

साहेबांचा चेहरा उतरला. ते पुढे झाले, बाईंच्या हातातली फूटपट्टी त्यांनी घेतली आणि तिचं टोक कपाटाला टेकवलं. "हं. चढवा आता."

दारातले सगळे त्या फूटपट्टीकडे बघत होते. साहेबांचं लक्ष हातातल्या फूटपट्टीकडे गेलं आणि त्यांनी ती घाईने खाली ठेवली. त्यांनी सगळ्यांना बाहेर पाठवलं आणि दार लोटून घेतलं.

"हे बघा," ते हळू आवाजात म्हणाले, "नव्हते त्यांचे हात ओले. झालं समाधान?"

"मला काय सांगताय? मला ठाऊकच होतं." त्याने पाना पुसून पिशवीत ठेवला. "माझ्या सासूबाईंना सांगा. घरी येऊन. त्यांच्या शेजारी बसून, तेव्हा बसला होतात तसे."

"ते कसं जमेल? आणि कुलूप काढा आधी. मी तुमच्या मालकाशी बोलीन."

"बोला. पण मालकसुद्धा माझं कुलूप काढणार नाही. तुम्ही येऊन गेलात की मी काढतो."

साहेबांनी फोन काढला, त्याच्याकडे बघितलं, पुन्हा खिशात घातला. तो पिशवी उचलून निघाला. बाहेर सगळे आपापल्या टेबलाशी बसले होते. कोणीच काम करत नव्हतं.

घरी सासूबाई भाजी निवडत होत्या.

"आज लवकर आलात? काम झालं का?"

"झालं बरंचसं."

त्याने हात धुतले. मग खुर्ची ओढून दाराच्या समोर मांडली. सासूबाईंच्या शेजारी आणखी एक ठेवली.

"कोण यायचंय?"

"ऑफिसातले साहेब."

सासूबाई उठल्या आणि चहाचं आधण ठेवायला गेल्या. आधण उकळलं, आटलं, त्यांनी त्यात पुन्हा पाणी घातलं. यंत्र बसलं होतं, अर्थिंग लागलं होतं, कुलपाची किल्ली त्याच्या खिशात होती. साहेब अजून आले नव्हते.