जस्ताचा मुलामा

जस्त्या हट्टी माणूस. कारखान्यात लोखंडी पाइप वितळलेल्या जस्तात बुडवून त्यांना मुलामा चढवायचा, म्हणून हे नाव पडलं. आणि धंद्यातलं शहाणपण घरी आणायची त्याला भारी खोड! औषधवाल्यानं एकदा सांगितलं, जस्त, सेलेनियम असली खनिजं शरीर, अगदी मूत्रपिंडंसुद्धा, आतून गंजू देत नाहीत. झालं! आधीच मर्कट, त्यात मद्य प्यायला.

“अगं, जस्त लोखंडाला गंजू देत नाही, मग मूत्रपिंडाला देईल होय?” असं बायकोला ऐकवत तो रोज गोळी गिळायचा आणि सिगारेट पेटवायचा. तीही कुठे, तर दार लावलेल्या स्वयंपाकघरात. बायकोशिवाय करमायचं नाही ना त्याला!

“अहो, जरा बाहेर जा की,” ती खोकत म्हणायची. हा नुसता हसायचा.

कसला मुलामा न् कसलं काय! दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली. यंत्रावर रक्त धुऊन घेत दिवस ढकलायची वेळ आली, तेव्हा बायको म्हणाली, “माझं एक घ्या. सगळा संसार वाटून घेतला, हे काय जड आहे?” गडी ढसाढसा रडला.

तिच्या तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाईंनी दोघांना आणि लेकीला समोर बसवलं.

“बाई, सिगारेट ओढता?”

“इश्श! मी नाही हो.”

“मग घरात कोण?”

लेकीनं बापाकडे पाहिलं. डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगून टाकलं. बायकोचीही मूत्रपिंडं बिघडायला लागली होती. एकट्या धुरानंच, असं ठामपणे म्हणता येत नाही, पण धुराला सोडूनही देता येत नाही. देणं राहू दे, आता स्वतःचीच जपायची.

“पण मी जस्ताच्या गोळ्या घेत होतो,” जस्त्या पुटपुटला.

“त्यानं मुलामा नाही चढत हो. आणि धूर घरभर जात होता.”

बायकोला ती गोळीसुद्धा त्यानं कधी विचारली नव्हती. मेल्याला सुचलंच नव्हतं.

“मग माझं बघा,” लेक म्हणाली. “आजच तपासायला रक्त घ्या.”

“नको!” तो ओरडलाच.

“बाबा, घाबरू नका. मला काही होत नाही.”

पोरीला वाटलं, बापाची माया. लहानपणापासून ती त्याच स्वयंपाकघरात, त्याला टेकून अभ्यासाला बसायची. पण त्याला तिच्या तपासणीत काय निघेल, याचीच धडकी भरली होती. त्यानं आशेनं बायकोकडे पाहिलं.

“घ्या तिचं रक्त,” बायको डॉक्टरीणबाईंना म्हणाली. “यांना द्यायला नाही. माझ्या लेकीचं यांनी काय करून ठेवलंय, ते मला कळू दे.”