कूस बदलली की पळणारं भूत

परकराची नाडी तीच. गाठ मात्र दर आठवड्याला नाडीच्या टोकाकडे सरकत होती.

*

ओवा. हिंग. लिंबू-सोडा. मेडिकलमधली पुडी, पाण्यात टाकली की फसफसणारी.

*

कॉलरला लावायचा बिनतारी माइक ऑनलाइन मागवला की दोन दिवसांत घरी येतो.

*

आडव्या माणसाला कुशीवर वळवायचं तर आधी त्याचा पलीकडचा गुडघा दुमडतात. मग माणूस जड लागत नाही.

*

आनंदनगरच्या एका कंपनीत जेवणाच्या सुट्टीत एक रील या मोबाइलवरून त्या मोबाइलवर जातं. खाली लोकांनी हात जोडल्याची चित्रं टाकली आहेत.

*

बेंबी आत असते. बाहेर आली तर का आली, हे विचारायचं असतं.

*

गुरुवारी संध्याकाळी बदलापूरच्या हेंद्रेपाड्यात चांगोच्या अंगणात लग्न नव्हतं, बारसं नव्हतं, तरी चपलांचा ढीग फाटकाबाहेर आला होता. मधोमध खाट. खाटेवर चांगोची बायको नवसी. तिचं पोट एवढं वाढलं होतं की पहिल्यांदा बघणारी बाई मनातल्या मनात महिने मोजायची, आणि तिचे पिकलेले केस बघून गप्प व्हायची.

खाटेशेजारी सुयोगनाथ महाराज. कुर्ता भगवा, घड्याळ स्मार्ट, कॉलरला माइक. स्पीकर पायरीवर. एक चेला मोबाइल आडवा धरून शूटिंग करतोय.

"माऊली, ये गॅस नहीं है," महाराज म्हणाले. "डॉक्टर लोक गॅस बोलतात, लिव्हर बोलतात, मशीनखाली घालतात. मशीनला आत्मा दिसतो का? बोला."

"नाय," गर्दी म्हणाली.

त्यांनी नवसीला उताणं करायला घेतलं.

"मना उतानी नको निजवू रं बाबा," नवसी म्हणाली. "निजली का दम कोंडतंय."

"सुना? ही बाई नाही बोलत. आतली बोलते. तिला झोपायचं नाही." महाराज गर्दीकडे बघून हसले.

बाई सांगत होती आपला आजार. त्यानं त्याचा संवाद करून टाकला.

डाव्या हाताचं मधलं बोट त्यांनी तिच्या उजव्या कुशीवर आडवं ठेवलं आणि उजव्या हाताच्या बोटानं त्यावर टिचक्या मारल्या. वाकून कॉलरचा माइक जवळ नेला. स्पीकरमधून आवाज आला: ठप, ठप. ओल्या पोत्यावर मारल्यासारखा.

"दगड होऊन बसलीय. आता हिला उठवतो."

त्यांनी नवसीचा पलीकडचा गुडघा दुमडला, तिला डाव्या कुशीवर वळवलं आणि डोळे मिटून मंत्र सुरू केला. गर्दीनं साथ दिली. मंत्र लांबला. मग तीच जागा, तेच बोट: टण, टण. रिकाम्या डब्यासारखा आवाज.

"गेली," महाराज म्हणाले.

चांगोनं हात जोडले. मागच्या बायकांनीही.

"पण मूळ राहिलंय. सात गुरुवार करायचे. आणि हॉस्पिटलचं नाव घ्यायचं नाही. सुई टोचली की ही आतल्या आत रक्त पिणार. मग मेरे पास मत आना."

हा तिसरा गुरुवार होता. पहिल्या गुरुवारी जी गेली, ती दुसऱ्या गुरुवारी आत होती. दुसऱ्या गुरुवारी जी गेली, ती तिसऱ्या गुरुवारी आत होती. चपलांचा ढीग बघता अंगणात शंभरेक माणसं असतील. एकानंही विचारलं नाही.

*

आधीचं.

पाऊस ओसरताना नवसीला दोन घास खाल्ले की पोट गच्च वाटू लागलं. शेजारची वेणूकाकी म्हणाली, वात आहे. चांगो म्हणाला, वय झालं, सुटली. मुलगा नितीन कंपनीतून येताना पुड्या आणायचा. नवसी त्या प्यायची, ढेकर द्यायची, सगळे म्हणायचे, बघ, गॅसच.

ढेकर आली म्हणून गॅस. एवढ्या पुराव्यावर आपण घरातल्या बाईचं निदान करतो.

मग नितीनला कंपनीत महाराजांचं ते रील दिसलं.

त्याची बायको हर्षदा बाळाचा ताप दाखवायला बेलवलीला डॉक्टर प्रतिभांकडे गेली होती. निघताना दारातून म्हणाली, "मॅडम, सासूबाईंना गॅसचं काहीतरी लिहून द्या ना."

"पोट सकाळी उठल्यावर कमी असतं?"

"नाही. सकाळी पण तेवढंच. रोज थोडं वाढतं."

"पाय?"

"बोटानं दाबलं की खड्डा राहतो."

"झोपतात कशा?"

"बसून. भिंतीला टेकून."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "गॅस येतो-जातो, हर्षदा. जेवणानंतर फुगतो, सुटला की पोट उतरतं. हे उतरतच नाहीये. आजच घेऊन ये."

"घरी ऐकत नाहीत. गुरुवारी महाराज येणारेत."

"मग गुरुवारी मी येते."

*

तर डॉक्टर प्रतिभा अंगणात होत्या, नळाजवळच्या निळ्या पिंपांपाशी. पाणी एक दिवसाआड येतं, त्यामुळे प्रत्येक दारात असली दोन-तीन पिंपं असतातच.

मंत्र संपला आणि खाटेवर नवसीला खोकल्याची उबळ आली. ती थांबेना. ओठांचा रंग उतरला. महाराज चेल्याकडे वळले, तोंडावर हात धरून पुटपुटले. कॉलरचा माइक चालू होता. पुटपुटणं अख्ख्या अंगणात गेलं:

"अरे, सॅच्युरेशन ड्रॉप होतंय हिचं. हेड-एंड वर घे. जल्दी."

एवढी शुद्ध दवाखान्याची भाषा कुठल्याही आत्म्याला येत नाही.

डॉक्टर पुढे आल्या. नवसीला बसतं केलं, पाठीशी उशा लावल्या, खोकला थांबेपर्यंत तिचा हात धरून ठेवला. मग महाराजांना विचारलं, "कुठल्या वॉर्डात होतात?"

"आप कौन?"

"बेलवलीत दवाखाना आहे माझा. पलीकडचा गुडघा दुमडून वळवलंत. बोटावर बोट ठेवून वाजवलंत. हे हिमालयात शिकवत नाहीत. कुठल्या वॉर्डात?"

"मेल वॉर्ड," महाराजांच्या तोंडून निघून गेलं. सवयीनं. मग गर्दीकडे बघून त्यांनी आवाज चढवला, "मी सेवा करत होतो, उल्हासनगरला. नर्सिंग होममध्ये. पाप आहे का?"

"नाही. चांगलं काम आहे ते. मावशी," डॉक्टर नवसीला म्हणाल्या, "एकदाच टेकवते, डोकं वरच ठेवून. चालेल?"

"चालंल. तू इचारलंस तरी बाय."

डॉक्टरांनी उजव्या कुशीवर वाजवलं. ठप, ठप.

"आत्ता तर गेली होती," डॉक्टर म्हणाल्या. "परत आली वाटतं."

त्यांनी नवसीला हळूच डाव्या कुशीवर कलवलं. हर्षदानं पाठीला आधार दिला. थोडं थांबल्या, मंत्राशिवाय. पुन्हा वाजवलं. टण, टण.

"गेली. आता उजव्या कुशीवर घेऊ. म्हणजे डावीकडची पण जाईल." तसंच झालं. "चांगोकाका, ही आतली बाई आहे की बस? नुसती ये-जा करतेय."

मागे कुणीतरी हसलं. वेणूकाकी हसली नाही. ती पिंपाकडे बघत होती. मग उठली आणि पिंपावर बोटानं वरून खाली वाजवत गेली. टण, टण, टण, ठप.

"आरं," ती म्हणाली, "हे पानी हाय."

"पाणीच आहे, काकी. पोटात पाणी साठलंय. आतडी हवेची, ती वर तरंगतात. पाणी खाली उतरतं. उताणं झोपलं की पाणी दोन्ही कुशींत. कूस बदलली की पाणी खालच्या बाजूला, वरची बाजू रिकामी. सरकायला जरा वेळ लागतो. मंत्र तेवढ्यासाठी लांब असतो."

रोज सकाळी याच बायका पिंप वाजवून सांगतात, आज भांडी घासता येतील की नाही. पिंपाच्या बाबतीत त्यांना कुणी फसवू शकत नाही.

"गॅस पण असेल ना थोडा?" नितीन म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता.

"झोप तू."

"मी?"

"कँटीनचं खातोस ना? झोप."

नितीन आईशेजारी आडवा झाला. डॉक्टरांनी त्याच्या फुगलेल्या पोटावर वाजवलं. मध्ये टण. कुशीत टण. कूस बदलली, तरी टण. "हा गॅस. हवा सगळीकडे, आवाज कुठंही टण. उद्या सकाळी उतरलेला असेल. तुझ्या आईचं उतरणार नाही."

नितीन उठला नाही. आईच्या सुजलेल्या पायाकडे बघत पडून राहिला.

तेवढ्यात फाटकाशी उभा असलेला एक माणूस पुढे आला. वांगणीकडच्या पाड्यावरचा, बाळा नावाचा. "मी महाराजांना भेटायला आलोय," तो म्हणाला. "ते रील काढा म्हणून सांगायला. त्यातली बाई माझी मावशी हाय. चौथ्या गुरुवारच्या आधीच गेली ती. लोक अजून तिच्याखाली जय लिहितात."



"पाणी आहे, हे तुम्हाला माहीत होतं," डॉक्टर महाराजांना म्हणाल्या.

माइक बंद करायचा राहिला होता. स्पीकरमधून फक्त त्यांचा श्वास ऐकू येत होता.

*

माहीत होतं. राग आहे तो याचाच. अडाणी भगत चुकतो तेव्हा तो स्वतःही फसलेला असतो. हा फसलेला नव्हता. डॉक्टर तपासत असताना यानं किती माणसं कुशीवर वळवून धरली असतील. पोट वाजवून डॉक्टर पुढे काय करतात, हे यानं रोज पाहिलं. सोनोग्राफीला पाठवतात, सुईनं पाणी काढून तपासतात, कारण शोधतात. यानं त्यातली टिचकी तेवढी उचलली आणि पुढचं सगळं मना केलं. सुईची भीती यानं घातली ती सुईत धोका होता म्हणून नाही. सुईनं पाणी बाहेर आलं असतं आणि सगळ्यांना दिसलं असतं, म्हणून.

*

त्याच रात्री नवसी सरकारी रुग्णालयात होती. पाणी काढलं ते ताकाच्या निवळीसारखं, फिकट पिवळं. कुणी रक्त प्यायलं नाही. तपासात पोटाचा टीबी निघाला. तिथले डॉक्टर म्हणाले, बरा होणारा आजार आहे, पण सात गुरुवार थांबला असतात तर आम्ही हे म्हणालो नसतो. गोळ्या चालू झाल्या. फुकट मिळतात. नवसी आता उताणी झोपते.

नितीन आणि बाळा पोलिसांत गेले. जादूटोण्याविरुद्ध कायदा आहे, फक्त तक्रार करणारं माणूस लागतं. महाराजांचं अकाउंट बंद झालं. ते रील दुसऱ्या कुणाच्या तरी अकाउंटवर चालू आहे.

*

आता तुम्ही. रील थांबवा आणि घरातल्या माणसाकडे बघा.

पोट जेवल्यावर फुगतं, गडगडतं, वारा सरला की हलकं होतं, सकाळी सपाट असतं: तो बहुधा गॅस. रोज थोडं वाढतं आणि उतरत नाही, कुशी बाहेर फुगतात, बेंबी वर येते, पायावर बोट दाबलं की खळगा राहतो, दोन घासांत पोट भरतं, आडवं झालं की दम लागतो, अन्न कमी जाऊनही काट्यावर वजन वाढतं: ते पाणी असू शकतं. पाणी हा आजार नव्हे, आजाराची पाटी आहे. मागे लिव्हर असेल, टीबी असेल, हृदय, किडनी, बाईच्या अंडाशयातली गाठ. दारूला कधी न शिवलेल्या माणसालाही होतं, तेव्हा "ती तर पीत नाही" म्हणून स्वस्थ बसू नका. सोबत ताप, पोटात दुखणं, पिवळे डोळे, रक्ताची उलटी किंवा असंबद्ध बडबड असेल तर उद्या नाही, आज जा.

आणि घरी पोट वाजवून निदान करत बसू नका. टिचकी कळली म्हणून कुणी डॉक्टर होत नाही. झालं असतं तर सुयोगनाथही झाला असता. तुमचं काम एकच: पोट उतरत नाही, हे लक्षात घेणं आणि माणसाला सोनोग्राफीच्या टेबलापर्यंत नेणं. कुणी "दवाखान्यात जाऊ नका" म्हणालं, की तो कोण, कुठल्या धर्माचा, किती शिकलेला हे बघायची गरज नाही. ते वाक्यच पुरेसं आहे. तिथून उठा.

*

त्याच वर्षी उन्हाळ्यात, पोट वाढायच्या कितीतरी आधी, नवसीचे हात एवढे वाळले होते की हिरवा चुडा साबण न लावता निघत होता.